"आमच्या घराण्यात हे नाही" : रक्तातून काय येतं, कसं येतं?

गोदातीर

नमस्कार मंडळी,

माझ्या मावसभावाचं लग्न ठरत आलं होतं. मुलगी नाशिकचीच, इंदिरानगरची. सुपारी फुटायच्या आधी दोघांनी आपणहून रक्त तपासून घेतलं आणि भावाच्या रिपोर्टवर आलं: बीटा थॅलेसेमिया ट्रेट, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा तो नुसता वाहक. लगेच बोलणी थांबली. मुलीचे काका म्हणतात, "रक्तात दोष आहे." आमच्याकडे भावाच्या आत्या म्हणतात, "सात पिढ्यांत आमच्या घराण्यात हे नाही, आईकडूनच आलं असणार." म्हणजे माझ्या मावशीकडून. मावशीला हे ऐकून घ्यावं लागतंय.

रिपोर्ट माझ्यासमोर आहे. हिमोग्लोबिन 11.8, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) 64, लाल पेशी 59 लाख, एचबी ए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) 5.2 टक्के. मुलीचा रिपोर्ट नॉर्मल आहे, हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी तपासणीसुद्धा. आता हे नीट समजून घ्या. हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारं बीटा-ग्लोबिनचं जनुक आपल्या अकराव्या गुणसूत्रावर असतं. गुणसूत्रांच्या जोड्या असतात, म्हणून ह्या जनुकाच्या प्रती दोन, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. भावाची एक प्रत बिघडलेली, दुसरी ठणठणीत. त्या एका प्रतीवर त्याचं सगळं व्यवस्थित चाललंय, मागच्या पावसाळ्यात तो साल्हेर चढून आला. मुलीच्या दोन्ही प्रती चांगल्या. म्हणजे त्यांच्या मुलांना आईकडून चांगली प्रत मिळणारच. फार तर मूल वडिलांसारखं वाहक होईल. दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं तो थॅलेसेमिया मेजर, आणि ह्या जोडप्याच्या बाबतीत त्याचा प्रश्नच येत नाही.

एवढी साधी गोष्ट दोन शिकलेल्या घरांत कुणी ऐकून घ्यायला तयार नाही. आपल्याकडे आनुवंशिकतेचा विषय निघतो तो बहुतेक वेळा कुणावर तरी बोट ठेवायला, आणि ते बोट जवळजवळ नेहमी घरात बाहेरून आलेल्या बाईवर असतं. ह्या धाग्यावर ज्याला जे पक्कं माहीत आहे ते लिहावं. शिक्षक, शेतकरी, लॅबवाले, दवाखान्यातले, सगळे या. मला हे पान दोन्ही घरांना वाचायला द्यायचं आहे.

---

प्रयोगवही

ताई, बारावीला हाच धडा शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

"सात पिढ्यांत नाही" ह्या वाक्याचं उत्तर मेंडेलने वाटाण्यावर दिलेलं आहे. ब्रनो शहरातल्या मठात 1856 ते 1863 पर्यंत त्याने वाटाण्याच्या वेलांवर काम केलं. गोल दाण्याचं वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचं वाण ह्यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती नाहीशी झाली असं कुणीही म्हणालं असतं. मग त्याने त्याच गोल दाण्यांची झाडं स्वतःच्याच परागाने फळू दिली. पुढच्या पिढीत 5474 दाणे गोल आणि 1850 सुरकुतलेले निघाले. साधारण तीनास एक. आणि ते 1850 दाणे अर्धवट सुरकुतलेले नव्हते, आजोबांसारखे पुरते सुरकुतलेले होते.

म्हणजे आईवडिलांचे गुण दुधात पाणी मिसळावं तसे मिसळत नाहीत. एकेका गुणाची प्रत अखंड राहते, पिढी दोन पिढ्या दिसत नाही, आणि जोडीला तशीच प्रत भेटली की पुन्हा दिसते. हे त्याने 1865 मध्ये वाचून दाखवलं, 1866 मध्ये छापलं, आणि जगाने लक्ष दिलं 1900 मध्ये. तोवर मेंडेलला जाऊन सोळा वर्षं झाली होती.

वर्गात मी चिंचोके वापरतो. मधोमध फोडलेला चिंचोका एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने पांढरा. दोन मुलांना एकेक फोड देतो, एक आई आणि एक वडील. काळी बाजू म्हणजे चांगली प्रत, पांढरी म्हणजे बिघडलेली. दोघं वाहक आहेत असं धरायचं. दोघांनी एकदम टाकायचं आणि फळ्यावर मांडायचं. दोन्ही पांढरे म्हणजे मूल आजारी, एक काळा एक पांढरा म्हणजे वाहक, दोन्ही काळे म्हणजे पूर्ण मोकळं. सगळ्या बाकांची बेरीज केली की चारात एक, चारात दोन, चारात एक ह्याच्या आसपास येते. पण एखाद्या बाकावर लागोपाठ तीनदा दोन्ही पांढरे पडतात, आणि तिथेच खरा धडा असतो. "चारात एक" ह्याचा अर्थ चार मुलांपैकी एकच असा नाही. प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने चारात एक. पहिलं मूल आजारी झालं म्हणून दुसरं सुटत नाही, आणि तीन निरोगी झाली म्हणून चौथ्याची पाळी ठरत नाही.

अजून एक गोष्ट मुलं हमखास उलटी समजतात. एका प्रतीनेही दिसतो तो प्रभावी गुण, दोन्ही प्रती तशा असल्या तरच दिसतो तो अप्रभावी. प्रभावी गुण म्हणजे लोकांत जास्त आढळणारा गुण नव्हे. सहा बोटं होण्याचा गुण बऱ्याच घराण्यांत प्रभावी असतो, तरी सहा बोटांची माणसं किती दिसतात? उलट ओ रक्तगट अप्रभावी, आणि तो घरोघरी आहे.

---

निफाडची_बाग

सर, चांगलं समजलं. आता बागेतलं सांगतो, आमच्याकडं हे उघड्यावर चालतं.

द्राक्षाच्या बागेत आम्ही आधी डॉगरिज नावाच्या वाणाचा खुंट लावतो, मग त्यावर थॉमसनची किंवा दुसऱ्या वाणाची काडी भरतो, म्हणजे कलम करतो. मूळ एकाचं, वेल दुसऱ्याची. वर घड लागतात ते काडीच्या वाणाचेच, खुंटाचे नाहीत. खुंट पाण्याचा ताण आणि खारं पाणी सोसतो, पण मण्याचा रंग, लांबी, गोडी काडीतून येते. अख्खी बाग म्हणजे एकाच वेलीच्या प्रती. म्हणून एका प्लॉटातले घड सारखे. बी लावून द्राक्ष केलं तर प्रत्येक रोप वेगळं निघेल, व्यापारी दारात उभा राहणार नाही.

तरी कधी कधी एखाद्या वेलीवर एक फांदी निराळी निघते. सोनाका तशीच थॉमसनमधून निघाली, सोलापूर जिल्ह्यात नान्नजला. मणी लांबट आला, बागायतदाराने ती काडी ओळखून वाढवली आणि वाण झालं. तास-ए-गणेशही थॉमसनमधूनच निवडलेलं. तिथं संकर नाही, बी नाही, आईबाप बदलले नाहीत, तरी गुण बदलला.

कांद्याचं मात्र उलट. उळं, म्हणजे कांद्याचं बी, आम्ही घरचंच धरतो. चांगले गोट (बियाण्याचे कांदे) निवडून लावायचे, डेंगळ्यांवर (फुलांच्या दांड्यांवर) माश्या फिरतात आणि बी धरतं. शिवेपलीकडं कुणाचा पांढरा कांदा फुलात असला तर पुढच्या सालाला भेसळ निघते. म्हणून बियाण्याचा कांदा बाकीच्यांपासून एक-दीड किलोमीटर लांब ठेवावा म्हणतात. लासलगावला माल नेला की मिश्र रंगाला भाव कमी, त्यामुळं हा धडा आम्हाला परीक्षेशिवाय पाठ आहे.

माझा सवाल असा: वेलीवर फांदी एकदम निराळी निघते, तसं माणसात होतं का? आईत नाही, बापात नाही, आणि पोरात आलं?

---

प्रयोगवही

होतं, भाऊ. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. ती चूक बीजांडात किंवा शुक्राणूत झाली तर मुलात एकदम नवा गुण दिसतो. हात-पाय आखूड राहून उंची खुंटते तो अकाँड्रोप्लेसिया घ्या. त्यातली बहुसंख्य मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांना होतात. रक्त न गोठणाऱ्या हिमोफिलियात साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात आधी कुणालाच तो नसतो. म्हणून "आमच्यात नव्हतं, म्हणजे सुनेकडून आलं" ह्याला बूड नाही. आजार अप्रभावी असेल तर दोन्ही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या न दिसता असू शकतो, आणि नवा असेल तर कुणाकडूनच आलेला नसतो.

कांद्याचा विषय निघाला म्हणून एक सांगतो, मुलांना फार आवडतं. माणसाच्या डीएनएत सुमारे 310 कोटी अक्षरं असतात, कांद्याच्या डीएनएत सुमारे 1600 कोटी. लासलगावच्या कांद्याकडे आपल्या पाचपट मजकूर आहे! त्यातला मोठा भाग पुन्हा पुन्हा आलेल्या तुकड्यांचा असतो. आपल्यात प्रथिनं बनवणारी जनुकं वीस हजारांच्या आसपासच आहेत.

---

पंचवटीकर

चर्चा चांगली चालली आहे, पण एक सांगतो. हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतं. सगोत्र विवाह टाळायचा तो ह्याचसाठी. आणि पत्रिकेत नाडी बघतात ती रक्तगटासाठी. एक नाडी म्हणजे एक रक्तगट, संततीला धोका. आज लॅबवाले वेगळं काय सांगतात?

---

गोदातीर

काका, तुमचा मान ठेवून लिहिते, आणि हिशोबानेच लिहिते.

गोत्र चालतं बापाकडून मुलाकडे. जीवशास्त्रात त्या वाटेने जवळजवळ जसंच्या तसं जाणारं एकच गुणसूत्र आहे, वाय. थॅलेसेमियाचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर, आणि ते आईकडूनही येतं. म्हणजे गोत्र ज्या वाटेवर पहारा ठेवतं त्या वाटेने हा आजार येतच नाही.

आता मामाची मुलगी घ्या. आपल्याकडे कित्येक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क म्हणतात. तिचं गोत्र वेगळं, म्हणून लग्न शास्त्राला मान्य. पण आतेभाऊ आणि मामेबहीण ह्यांचे एका बाजूचे आजी-आजोबा तेच असतात. सरासरीने दोघांचा आठवा हिस्सा डीएनए सामाईक. आजोबांकडे एखादी बिघडलेली प्रत असेल तर ती दोघांपर्यंत पोचण्याची शक्यता चांगलीच वाढते. उलट तुमचं आणि माझं गोत्र एक असेल आणि सामाईक पूर्वज वीस पिढ्यांमागे असेल, तर त्याच्याकडून आलेलं आपल्या दोघांत सामाईक असं बहुधा काहीच उरलेलं नसतं. दहा पिढ्या मागे गेलं तरी पूर्वजांच्या जागा 1024 होतात.

नात्यातली सगळीच लग्नं वाईट असं मी म्हणत नाही. बहुतेकांची मुलं निरोगीच असतात. पण काळजी घ्यायची ती तिथे घ्यायला हवी, आणि गोत्राची वही ती जागा दाखवत नाही.

नाडीबद्दल लॅबमधल्या कुणीतरी लिहावं.

---

रक्तपेढी_रात्रपाळी

लिहितो. नवराबायकोचा रक्तगट एकच असल्याने मुलाला काहीही होत नाही. दोघं बी पॉझिटिव्ह असतील तर आनंदाने लग्न करा. लक्ष द्यायचं ते आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असतील तेव्हा. बाळ पॉझिटिव्ह झालं तर आईच्या शरीरात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात आणि पुढच्या बाळाला त्रास होतो. त्यावर अँटी-डी इंजेक्शन आहे, साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत. म्हणजे इथे अडचण गट वेगळे असल्याची आहे आणि उपाय दवाखान्यात आहे.

रक्तगटावरून आठवलं, इथे एक फार महत्त्वाची गोष्ट लिहायला हवी, कारण तिच्यामुळे संसार मोडू शकतात. आईच्या कार्डावर ओ, वडिलांच्या कार्डावर ओ, आणि मुलाचा गट बी निघाला. शाळेत शिकलेल्या तक्त्यात हे बसत नाही आणि संशय थेट आईवर जातो. सगळ्यात आधी तिघांचे गट पुन्हा तपासायचे, कार्डावर चूक असू शकते. तरी तेच आलं तर बॉम्बे रक्तगटाचा विचार करायचा. 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला, म्हणून जगभर त्याला बॉम्बे म्हणतात.

ए किंवा बी हे लाल पेशीवरच्या एच नावाच्या पदार्थावर चढतात. एखाद्याला आईवडील दोघांकडून एचची निकामी प्रत आली तर एच बनतच नाही. मग त्याच्याकडे बी गटाचं जनुक असलं तरी ते चढणार कशावर? साध्या तपासणीत असा माणूस ओ दिसतो. पण ते न दिसणारं बी तो मुलाला देतो, जोडीदाराकडून चालू एच मिळतो, आणि मुलात बी उघड होतं. ह्यात आईच्या चारित्र्याचा काडीचा संबंध नाही. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक असा माणूस सापडतो. त्याला ओ गटाचं रक्तही चालत नाही, बॉम्बेचंच लागतं. म्हणून असं कुणी सापडलं की भावंडांचे गट तातडीने तपासून घ्यावेत.

---

सुरगाण्याची_ताई

मी आरोग्य खात्यात आहे, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर काम करते. तुमचा थॅलेसेमिया आणि आमचा सिकलसेल सख्खे शेजारी आहेत, दोन्ही त्याच बीटा-ग्लोबिनच्या जनुकातले. सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिन प्रथिनाच्या साखळीतल्या सहाव्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन. एवढ्यानं लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नसांत अडकते आणि लेकराची हाडं ठणकतात. लहान बाळाचे हातपाय सुजतात. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि भगताकडे नेतात.

आम्ही पाड्यावर सोल्युबिलिटी चाचणी करतो. छोट्या नळीत द्रावण, त्यात बोटाचं थेंबभर रक्त. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी. ही चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही, ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसवर कळतं. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. 1 जुलै 2023 ला देशभराचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं त्याचं उद्दिष्ट आहे.

मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो एएसच्या पोरींच्या आयांना समजवायला. पोरगी आजारी नाही. शेतात राबते, आश्रमशाळेत पळण्यात पहिली येते. फक्त नवरा करताना त्याचं रक्त बघा, एवढंच. दोघं एएस असतील तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका. आणि पहिल्या ताईंच्या धाग्यावर हे मुद्दाम लिहिते: एक सिकलसेलचा वाहक आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मूल आजारी होऊ शकतं. "आमचा आजार वेगळा, त्यांचा वेगळा" म्हणून सुटका नाही.

ही प्रत आमच्या भागात टिकली का, तर मलेरियामुळे. एक प्रत असलेल्या लेकराला मलेरियाचा जिवावरचा झटका कमी येतो. जंगलात, डासांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांना तिनं वाचवलं आहे. हे सांगितलं की म्हाताऱ्या बायांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरतं. कुणाच्या पापाचं हे फळ नाही. आणि एसएस लेकरांना हायड्रॉक्सियुरिया गोळी आहे, फॉलिक अ‍ॅसिड आहे, भरपूर पाणी, थंडीपावसापासून जपणं, वेळेवर लसी. औषध नियमित मिळालेली मुलं कॉलेजला जाताना मी बघते.

---

निफाडची_बाग

ताई, मोठं काम करता. माझ्याकडं हंगामाला पेठ-सुरगाण्याचे मजूर येतात, छाटणीला आणि थिनिंगला. त्यातल्या एका पोराला दुखणं उठलं की चार दिवस उठवत नाही. आम्हाला वाटायचं अंगचोर आहे. त्याला तपासायला कुठं नेऊ?

---

सुरगाण्याची_ताई

दादा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, पैसे लागत नाहीत. तोवर उन्हात फार राबवू नका, पाणी भरपूर पाजा. दुखण्यासोबत ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय.

---

सातपूरची_सून

खूप दिवस नुसती वाचत होते. मला दोन मुली आहेत आणि घरात रोज ऐकवलं जातं. कुणीतरी स्पष्ट शब्दांत लिहाल का, सासूबाईंना दाखवता येईल असं?

---

प्रयोगवही

आईकडे दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यामुळे तिच्याकडून बाळाला प्रत्येक वेळी एक्सच जातो. वडिलांकडे एक एक्स आणि एक वाय. वडिलांचा एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. मुलगा की मुलगी हे वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रावर ठरतं, आईच्या हातात तिथे काहीच नसतं. नेटी स्टीव्हन्स नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी 1905 मध्ये किड्यांवर हे दाखवलं. वडिलांनाही त्यात निवड करता येत नाही, म्हणून त्यांनाही बोल लावायचं कारण नाही. आणि गर्भाचं लिंग तपासणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही सासूबाईंना वाचून दाखवा. ताई, तुमच्या मुलींना माझे आशीर्वाद.

---

गोदातीर

सातपूरच्या ताई, लिहीत राहा. इथे कुणी तुम्हाला बोलणार नाही.

काही जणांनी निरोपातून घारे डोळे, उंची आणि मधुमेहाबद्दल विचारलं आहे. थोडक्यात लिहिते. हे गुण एका जनुकाचे नाहीत, तिथे तीनास एक चालत नाही. घाऱ्या डोळ्यांत पंधराव्या गुणसूत्रावरच्या दोन जनुकांचा मोठा वाटा आहे, पण इतरही बरीच आहेत, म्हणून काळ्या डोळ्यांच्या आईवडिलांना घाऱ्या डोळ्यांचं मूल होऊ शकतं. उंचीवर 2022 मध्ये 54 लाख लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात डीएनएतल्या बारा हजारांहून जास्त जागा सापडल्या. शिवाय लहानपणी पोटभर मिळालं का, ह्यावरही उंची ठरते. मधुमेहाचं तसंच, कल घरातून येतो, पण वजन आणि हालचाल आपल्या हातात असतं.

रक्तपेढीवाले दादा, तपासणी कुणी, कधी, कोणत्या क्रमाने करायची ते एकदा लिहा, म्हणजे लोकांना उपयोग होईल.

---

रक्तपेढी_रात्रपाळी

लग्नाआधी दोघांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि हिमोग्लोबिन एचपीएलसी करावी. सीबीसीत एमसीव्ही 80 च्या खाली असेल तर त्याला लाल पेशींच्या संख्येने भागा, संख्या दशलक्षांत घ्यायची. उत्तर 13 पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमिया ट्रेटची शंका, जास्त आलं तर लोह कमी असल्याची. गोदातीर ताईंच्या भावाचं 64 भागिले 5.9, म्हणजे 11 च्या आत. हा अंदाज झाला, निकाल एचपीएलसीचाच. लोह फार कमी असेल तर एचबी ए-टू खाली दिसतो आणि ट्रेट झाकला जातो, म्हणून आधी लोह भरून काढून पुन्हा तपासा. नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर साधारण तीन महिने थांबा. नाहीतर रिपोर्ट रक्तदात्याच्या रक्ताने गोंधळतो.

लग्न झालेलं असेल आणि दिवस गेले असतील तर पहिल्याच भेटीत एचपीएलसी सांगा. बाई वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात, महिनाभर ढकलू नका. दोघंही वाहक असतील तरच पुढचं. दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा कण काढून बाळाची तपासणी करता येते, त्यासाठी जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना गाठा. आणि ताई, ट्रेटसाठी भावाला उगाच लोहाच्या गोळ्या देऊ नका, लोह खरंच कमी असेल तरच द्यायच्या. त्याच्या सख्ख्या भावंडांची एचपीएलसी करून घ्या, त्यांच्यापैकी प्रत्येकाला वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. आईवडील दोघांचीही करा, एकट्या मावशींची नको.